कासची फुलं, दोरीपलीकडची बाई आणि आपण

घाटपायथा
परवा रविवारी कासला जाऊन आलो. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, बुकिंग आधीच करून ठेवलं होतं. यवतेश्वरचा घाट चढताना धुकं इतकं की वायपर चालू ठेवूनही पुढच्या गाडीचा दिवा दिसेना. वर पोचलो आणि ते उठलं. पठार भरात होतं. तेरडा गुलाबी, मधूनमधून गेंदाचे पांढरे मणी, कडेला सोनकी, आणि पाणी साचलेल्या खोलगटात सीतेची आसवं, कुणाच्या हातून शाईची दौत लवंडावी तशी. मी दहा मिनिटं एक शब्द बोललो नाही. (बायकोने हे वाचून 'तारीख लिहून ठेवली आहे' असं कळवलंय.)

आणि मग ती बाई दिसली. दोरी ओलांडून, पैठणी नेसून, तेरड्यात मांडी घालून बसलेली. नवरा मोबाईल घेऊन वाकलेला. 'अजून जरा मागे सरक.' ती सरकली. मूळ जागी परातीएवढा चपटा ठसा उरला. पठार सांभाळणाऱ्या समितीच्या माणसाने शिट्टी मारली तर नवरा म्हणाला, 'पैसे भरलेत आम्ही.'

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा आहे. निसर्गात गेलं की माणूस निवतो, मऊ होतो, असं आपण लहानपणापासून निबंधात लिहीत आलो. खरंच होतो का? की सुंदर काही दिसलं की आधी त्यावर बसावंसं वाटतं, तोडावंसं वाटतं, हाच आपला मूळ स्वभाव? तुमचे अनुभव लिहा. सोबत दोन फोटो डकवतोय.

मिरची_लवंगी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. बाकी कासच्या चिखलात पैठणी? मला फुलांइतकीच त्या पैठणीची काळजी वाटतेय.

दुर्बीण
फोटो सुरेख. दुसरा तर फारच.

एक गंमत सांगते. सीतेची आसवं हे नाव ऐकून आपण हळवे होतो, पण ही वनस्पती कीटकभक्षी आहे. मुळांच्या जागी बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव त्याला धडकला की झडप उघडते आणि तो आत ओढला जातो. जांभ्यावरच्या त्या पातळ मातीत नत्र फारसं नसतं, मग पोट असं भरायचं. तिचीच शेजारीण दवबिंदू. पानावरचे थेंब चमकतात ते दव नसून चिकट सापळा असतो. आपण एकीला आसवं म्हटलं, दुसरीला दव. माणसाचा स्वभाव इथेच दिसला म्हणायचा, नाव ठेवताना.

मिरची_लवंगी
@दुर्बीण, म्हणजे सासूबाईंसारखंच. (हलके घ्या. त्या या संस्थळावर नाहीत, खात्री केली आहे.)

फलटणचा_अण्णा
स्पष्ट बोलतो. निसर्गसौंदर्य ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आमच्या दुष्काळी पट्ट्यात ढग आला की कुणी 'अहाहा' म्हणत नाही, 'पडतोय का बघू' म्हणतो. द्राक्षावर गारा पडल्या तेव्हा पुण्याच्या पाहुण्याने 'काय सुंदर, काश्मीर वाटतंय' म्हणून व्हिडिओ काढला होता. बागवाला शेजारीच उभा होता. त्या बाईला झोडून काही होणार नाही. तुम्ही बघायला गेलात, ती बसायला गेली. दोघंही सहलीलाच.

घाटपायथा
अण्णा, फरक आहे हो. बघितल्याने फूल मोडत नाही.

पठारावरचा
मी तिथल्याच एका गावचा. हंगामात चार वर्षं शिट्टी मारायचं काम केलंय, म्हणून बोलतो.

'पैसे भरलेत' हे दिवसाला वीसदा ऐकायचो. त्याचा राग येत नाही आता. राग 'आम्ही निसर्गप्रेमी आहोत' म्हणणाऱ्याचा जास्त येतो, कारण तो ऐकतच नाही.

लोकांना वाटतं पठार म्हणजे जाड गालिचा. खाली सगळा कातळ आहे, जांभा. वर माती कुठं वीतभर, कुठं बोटभर. बहुतेक फुलं एका पावसाची. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं, संपलं. बी धरायच्या आत त्यावर कुणी बसलं की पुढल्या साली ती जागा मोकळी. आणि पायाखाली माती एकदा दबली की पाणी नुसतं वरनं वाहून जातं.

आता दुसरी बाजू. २०१२ ला पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात कास आलं. ८५० च्या वर जातींच्या फुलझाडांची नोंद आहे म्हणतात. आम्हाला त्याआधी पठार म्हणजे गुरं चारायची जागा. माझी आजी तेरड्याला फूल म्हणत नव्हती, 'रान माजलंय' म्हणायची. मग गर्दी वाढली आणि फुलं जपायची म्हणून जाळीचं कुंपण आलं. गुरं बंद झाली, माणसं तिकीट काढून चालू. थोड्या सालांत गवत असं वाढलं की बारकी फुलं त्याच्याखाली गुदमरली. गुरं गवत आटोक्यात ठेवत होती, शेण पडत होतं, खुरांनी माती हलत होती, हे आमची म्हातारी माणसं पहिल्यापासून सांगत होती. शेवटी कुंपण काढलं. सुंदर आहे म्हणून जपायला गेलो आणि जे त्याला जपत होतं तेच बाहेर काढलं.

दुर्बीण
चराईबद्दल अभ्यासकांतही दोन मतं आहेत. काही ठिकाणी जास्त चराईनेही नुकसान होतं. पण पूर्ण बंदी हा उपाय नव्हता, इतपत आता बरेच जण मानतात.

चकणा_डोळा
वाचतोय.

डॉक्टर_रजेवर
धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर थोडं. 'निसर्गात माणूस मऊ होतो' हे नुसतं निबंधातलं वाक्य नाही. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली एक छोटा पण गाजलेला अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा दुसरा प्रयोग २०१५ चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा. तिथल्या आवारात उंच निलगिरीची झाडं आहेत. काही जणांना एक मिनिट मान वर करून ती झाडं बघायला लावली, काहींना शेजारची इमारत. मग प्रयोग करणाऱ्याने 'चुकून' हातातली पेनं खाली पाडली. झाडं बघितलेल्यांनी जास्त पेनं उचलून दिली. भव्य काही पाहिलं की 'मी' जरा लहान होतो, असा त्यांचा निष्कर्ष.

मिरची_लवंगी
आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून शेजाऱ्यांचा डक्ट दिसतो. आता कळलं माझं डोकं का दुखतं.

फलटणचा_अण्णा
डॉक्टर, बर्कलीत पेनं उचलली, कासला फुलं उचलली. उचलायची वृत्ती तीच.

डॉक्टर_रजेवर
:) मान्य. पण एक मुद्दा राहतो. त्या प्रयोगात एक मिनिट फक्त बघायचं होतं. कासला असं एक मिनिट किती जण बघतात? माझा अंदाज, फोन हातात आला की 'मी' लहान व्हायच्या ऐवजी फ्रेमच्या मधोमध येऊन उभा राहतो.

काकू_कॅलिफोर्निया
इथे अगदी हेच झालंय! मार्च २०१९, लेक एल्सिनोरजवळ वॉकर कॅन्यन. भरपूर पाऊस झालेला, त्यामुळे डोंगरच्या डोंगर केशरी पॉपीने भरलेले. आम्ही दोन कुटुंबं उत्साहाने पुरणपोळ्या बांधून निघालो. फ्रीवेवर गाड्यांची रांग, पोळ्या गाडीतच संपल्या. वर गेलो तर पायवाट सोडून लोक फुलांत लोळत होते, अक्षरशः लोळत. गर्दी आवरेना म्हणून शहराला मध्ये रस्ता बंद करावा लागला. २०२३ ला पुन्हा तसाच बहर आला, तेव्हा त्यांनी आधीच सगळं बंद करून टाकलं. बहर होता आणि बघायला कुणी नाही. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटतं फुलांना बरं वाटलं असेल.

तेव्हा भारतीय म्हणून मान खाली घालू नका. लोळणारे सर्व देशांचे होते.

अकोले_अकोला_नव्हे
आमच्याकडे फुलं नाहीत, काजवे आहेत. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी हा सगळा पट्टा. मे संपता संपता, वळवाचे एकदोन सडाके झाले की हिरडा, सादडा, बेहडा, जांभूळ असली झाडं रात्री पेटायला लागतात. एका झाडावरचे हजारो एकदम चमकतात, एकदम विझतात. लहानपणी आम्ही त्यावरून पावसाचा अंदाज बांधायचो.

आता शनिवारी रात्री त्या रस्त्याला गाड्यांची माळ असते. चमकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. अळी महिनोन् महिने मातीत गोगलगायी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर हाती उरतात दोनतीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा. आणि आपण वरून हेडलाइट, टॉर्च, फ्लॅश. लग्नाच्या मांडवात कुणी येऊन मुंडावळ्यांवर पेट्रोमॅक्स मारावा तसं. खाली गवतात बसलेल्या माद्या तर बुटाखालीच जातात.

एका पाहुण्याने मला विचारलेला प्रश्न: 'काजवे किती वाजता चालू करता?'

मिरची_लवंगी
मेले. 'लाइट बिल कोण भरतं' हे पण विचारायचं होतं.

चकणा_डोळा
मी तिथे गेलोय. टॉर्च मारला नाही, पण बाटलीत दोन काजवे भरून आणले होते मुलीला दाखवायला. घरी पोचेपर्यंत नुसते किडे राहिले होते. मुलगी म्हणाली, 'बाबा, हे बंद पडले.' आज पहिल्यांदा कुठे लिहितोय.

कोकणी_फणस
आमच्या गावच्या देवराईचं सांगतो. पाचसहा एकर असेल. आत शिरलं की दुपारी बाराला संध्याकाळ. त्या राईत पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. आजोबांना विचारलं होतं, 'ती सुंदर आहे म्हणून राखली का?' त्यांनी असा चेहरा केला की मी काहीतरी अचकट बोललोय. म्हणाले, 'राखणदार आसा थंय.' बस्स. भीती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अशा देवराया हिंडून नोंदवल्या, तेव्हा हेच त्यांना गावोगाव सापडलं. आजूबाजूचं रान गेलं, देवाच्या नावाचं राहिलं.

तेव्हा माझं मत असं: सुंदर म्हणून जपलेलं मी फारसं टिकलेलं बघितलं नाही. घाबरून जपलेलं टिकलं.

पण थांबा, पुढचं ऐका. गेल्या पिढीपर्यंत देऊळ कौलारू होतं, पडवीएवढं. आता जीर्णोद्धार निघाला. स्लॅब हवा, टाइल्स हव्यात, मुंबईकरांनी वर्गणी दिली ती पुरेना. मग देवाला कौल लावला, 'तुझ्याच देवळासाठी तुझी दहा झाडं घेऊ का?' देवाने होकार दिला. देव अशा वेळी होकारच देतो. दहाची किती झाली ते विचारू नका.

फलटणचा_अण्णा
फणसराव, हा प्रतिसाद धाग्याच्या वरताण आहे. म्हणजे सौंदर्यही चालत नाही, भीतीही चालत नाही. मग काय चालतं?

कोकणी_फणस
ते कळलं असतं तर मी वर्गणी दिली असती का?

काकू_कॅलिफोर्निया
@फणस, तुमच्याकडे कारवी आहे का हो? २०१६ ला सुट्टीवर आले होते तेव्हा येऊरला बघितली होती, २०२४ ला हुकली. आठ वर्षांनी एकदा फुलते ना ती? सगळीकडे एकाच वर्षी का?

दुर्बीण
नाही, प्रत्येक भागाचं वर्ष वेगळं असू शकतं. मुंबईकडच्या डोंगरांत २००८, २०१६, २०२४ असा हिशेब आहे. आता २०३२. फुलली की बी टाकून ते झाड मरतं. कासच्या बाजूची टोपली कारवी निराळी, तिचं चक्र सात वर्षांचं.

कोकणी_फणस
कारवी म्हणजे आमचा कूड! काठ्या उभ्या करायच्या, वर शेणमातीचं लिंपण. माझा जन्म कारवीच्या भिंतीआडचा. फुललेली बघायला लोक विमानाने येतात हे आईला सांगितलं तर म्हणाली, 'फुलून मेली की काठी चांगली वाळते.' अण्णांच्या बाजूला एक मत.

संपादक
अवांतर चालू द्या, पण कारवीसाठी वेगळा धागा काढलात तर बरं.

भीमाकाठ
बरेच दिवस वाचत होतो, अण्णांच्या पहिल्या प्रतिसादामुळे लिहायला बसलो. 'चैन' हा शब्द बोचला, पण तो पुरता खोटाही नाही.

आम्ही उजनीचे. भिगवण-कुंभारगाव भागात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, तुम्ही फ्लेमिंगो म्हणता ते. पुण्यामुंबईहून पहाटेच चारचाकी येतात. मी काही वर्षं होडी चालवली. पाण्यावर धुकं, सूर्य वर येतोय, आणि उथळ पाण्यात गुलाबी रांग. मी रोज बघायचो तरी रोज थांबायचो.

आता हे पाणी काय आहे ते सांगतो. भीमेवरचं धरण १९८० ला पुरं झालं. आमचं जुनं गाव त्याखाली आहे. घर, पार, तालीम, सगळं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं. तेव्हा बातम्या येतात, फोटोला गर्दी होते. त्याच दिवसांत आमच्याकडची म्हातारी माणसंही त्या गाळात उतरतात, पण ती देवळाकडे जात नाहीत. जोती शोधत फिरतात. 'हितं आमचा उंबरा.' वडिलांना एकदा होडीतून नेलं होतं, मुद्दाम, रोहित दाखवायला. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, 'देखणं पाखरू आहे. ते बसलेत ना, तिथं आपली गव्हाची पट्टी होती.' एकाच वाक्यात दोन्ही. आवाजात राग नव्हता. मला अजून कळलेलं नाही की त्यांना ते सुंदर दिसलं की नाही. दिसलं असावं.

आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. फोटोवाल्यांना बसलेला पक्षी नको असतो, उडालेला हवा असतो. पंख उघडले की आतला रंग दिसतो. 'दादा, जरा जवळ घ्या ना,' म्हणतात, वर दोनशे रुपये. मी घ्यायचो जवळ. चरत असलेला थवा उठवायचो. हजारो मैलांवरून आलेलं नसेल कदाचित पाखरू, पण सकाळच्या खाण्यावरून तर उठवलंच. पुढं पुढं नाही म्हणायला लागलो. नाही म्हटलं की शेजारची होडी जायची. मग गिऱ्हाईकच तिकडं गेलं. आता मी चिलापी धरतो आणि विकतो. सुंदर मासा नाही, पण उडव म्हणून कुणी सांगत नाही.

दुर्बीण
भीमाकाठ, काय बोलावं. वडिलांचं वाक्य डोक्यातून जाणार नाही.

फलटणचा_अण्णा
'चैन' मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धा.

पठारावरचा
भीमाकाठदादा, आपला धंदा एकच, तुम्ही वल्हं, मी शिट्टी.

एक बोलायचं दोन दिवस टाळत होतो. घाटपायथा साहेब, राग मानू नका. तुमचा दुसरा फोटो मी मोठा करून बघितला. कॅमेरा जमिनीला टेकवून काढलाय आणि चारी अंगांनी आसवंच आसवं. मागं जो एकटा दगड दिसतो तो मला ठाऊक आहे. ते खोलगट दोरीपासनं वीसेक पावलं आत येतं. लांबच्या लेन्सनं असा खालनं येत नाही फोटो. इतकंच विचारतो, तुम्ही कुठं उभे होता?

मिरची_लवंगी
पॉपकॉर्न खाली पडले.

चकणा_डोळा
धागाकर्ते ऑनलाइन दिसतायत. हिरवा ठिपका आहे.

काकू_कॅलिफोर्निया
असं कोंडीत पकडू नका हो कुणाला. परवानगी घेऊनही काढला असेल.

डॉक्टर_रजेवर
उत्तर येईपर्यंत एक भर. त्या पेनांच्या प्रयोगात पेनं अनोळखी माणसाची होती. फुलं कुणाची आहेत हे ठरवणंच अवघड, म्हणून कदाचित आपण ती स्वतःची धरतो.

घाटपायथा
हिरवा ठिपका खरा आहे. दोन तास टाइप करून पुसतोय.

उभा नव्हतो. पालथा झोपलो होतो.

झालं असं की पैठणीच्या भानगडीत सगळ्या शिट्ट्या तिकडे धावल्या. इकडे दोरीपाशी कुणी नव्हतं. मी आत गेलो. पाऊल टाकताना खाली बघून टाकत होतो, हे खरं आहे. आणि प्रत्येक पावलाला मनात म्हणत होतो की मी काही त्या बाईसारखा नाही. मला नावं माहीत आहेत. मी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणार, त्यातून चार लोकांना कळेल. वीस पावलं आत, वीस बाहेर, आणि पालथं पडलेलं पावणेसहा फुटांचं शरीर. तिचा ठसा परातीएवढा होता. माझा मोजला नाही, वळून बघितलंच नाही. बायको दोरीच्या अलीकडे उभी राहून 'या आता' म्हणत होती. त्या दहा मिनिटांत मी बोललो नाही ते यामुळेही असेल.

गंमत म्हणजे (गंमत नाही) घरी येऊन धागा लिहिताना हे मला आठवलंही नाही. फोटो स्वतःच्या हाताने डकवला. 'बघितल्याने फूल मोडत नाही' हेही मीच वर लिहिलंय.

पठारावरचा, माफी तुमच्याकडे मागू की कुणाकडे, कळत नाही. दुसरा फोटो काढून टाकू का?

फलटणचा_अण्णा
राहू द्या. काढलात तर वरचे निम्मे प्रतिसाद वेड्यासारखे दिसतील.

भीमाकाठ
घाटपायथा, होडीत या एकदा. लांबूनच दाखवीन. चिलापीचं कालवण घरी.

पठारावरचा
माफी कसली साहेब. मला शिट्टी मारायला मिळाली नाही एवढंच दुःख.

पुढल्या सप्टेंबरला मधल्या वारी या, शनिवार-रविवार सोडून. रोज ३,००० माणसांची मर्यादा आहे, पण सुट्टीला ते सगळे एकदमच येतात. वाटेला लागूनच एक ओल आहे, तिथं आसवं दोरीच्या अलीकडंच उगवतात, कुणी बघत नाही कारण सगळे लांब बघत असतात. तिथं बसा, पालथे पडा, काय करायचं ते करा. वहिनींनाही आणा.

मिरची_लवंगी
हे सगळं ठीक. पण तो दुसरा फोटो मोठ्या साइजमध्ये मिळेल का? वॉलपेपरला हवाय.